छेद कुठे आहे?

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत आठवड्यावर आली होती. तीळ जरा उन्हात घालावेत म्हणून गच्चीवर निघाले, तर जिन्यातच खालच्या मजल्यावरची सून भेटली. हातात मोबाईल, कडेवर दीड वर्षाचं पोर आणि चेहरा पांढराफटक.

"काकू, बघितलंत का? नवा व्हायरस आलाय. बंगळूरला बाळांना झालाय म्हणे. तुमच्याकडे जुने मास्क आहेत का हो?"

मी तिला घरात बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, बातमी वाचून दाखव बघू. बातमी समोर आली की माझ्यातली मास्तरीण जागी होते, त्याला इलाज नाही. एचएमपीव्ही नावाचा विषाणू. बंगळूरमध्ये दोन तान्ही बाळं. त्यातलं एक बातमी येईपर्यंत बरं होऊन घरीही गेलेलं! पण हे बातमीच्या पार तळाशी होतं. आणि त्याच्याही खाली, जिथवर ती बिचारी पोचलीच नव्हती, तिथे लिहिलं होतं की हा विषाणू शास्त्रज्ञांना २००१ पासून माहीत आहे, आणि पाच वर्षांची होईपर्यंत बहुतेक सगळ्या मुलांना तो एकदा तरी होऊन जातो. म्हणजे तिच्या कडेवरच्या पोरालाही कदाचित होऊन गेला असेल, साधी सर्दी म्हणून.

त्याच दिवशी, ६ जानेवारीला, मुंबईच्या शेअर बाजाराचा निर्देशांक बाराशेहून अधिक अंकांनी कोसळला. बाजार पडायला दहा कारणं असतात, पण मथळ्यांत विषाणूच बसला होता. महिन्याभरात त्याचं नावही कुणी काढेना.

मला यात नवल वाटलं नाही. आम्ही पुणेकर या शाळेतून आधीच पास होऊन (की नापास होऊन?) बाहेर पडलो आहोत. २००९ चा ऑगस्ट ज्यांनी पुण्यात काढला त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

तेव्हा मी नोकरीत होते, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. साधी मराठी शाळा. मराठी आणि इतिहास शिकवायचे, आणि शिक्षक कमी पडले की पाचवी-सहावीचं गणितही माझ्याच गळ्यात. एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत तो नवा फ्लू दिसला, मे महिन्यात हैदराबादला उतरलेल्या एका प्रवाशाबरोबर तो देशात आला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली. तोवर आमच्या शिक्षक-खोलीत हा विषय परदेशवारी करून आलेल्या लोकांचा होता. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. देशातला पहिला मृत्यू. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलींच्याच वयाची.

त्या मुलीचं नाव, तिची शाळा, तिचा फोटो, सगळं काही तासांत देशभर झालं. ज्या घरात दुःख झालं आहे त्या घराला आपण दार लावू देतो, निदान तेरा दिवस तरी. इथे दारच काढून नेलं. असो.

आणि मग सुरू झाली ती भाषा. मी मराठीची शिक्षिका, म्हणून मला आकड्यांआधी शब्द खुपले. 'थैमान', 'विळखा', 'मगरमिठी', 'कहर', 'हैदोस'. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे 'बळी'. "स्वाइन फ्लूने घेतला आणखी एक बळी." अहो, बळी देतात तो कुणाला तरी देतात! आजार काही देव नाही आणि मेलेलं माणूस काही बोकड नाही. एका वाहिनीवर पडद्याच्या कोपऱ्यात क्रिकेटच्या धावफलकासारखा आकडा लावला होता. सकाळी चहाच्या वेळी सात, दुपारी आठ, रात्री जेवताना नऊ. आकडा बदलला की एक आवाज व्हायचा. आमच्या शेजारचे एक गृहस्थ, चांगले बँकेतून निवृत्त झालेले, नऊचे दहा होईपर्यंत टीव्हीसमोरून उठले नाहीत.

शंभर माणसांच्या आजारपणाला ज्यांनी 'थैमान' म्हटलं, त्यांच्याकडे एप्रिल २०२१ साठी शब्द उरणार कुठून? तेव्हाही तोच 'थैमान', तोच 'कहर'. तोवर हे शब्द धुऊन धुऊन इतके पांढरे झाले होते की वाचणाऱ्याला कळेचना, या खेपेला खरंच आहे.

पण ऑगस्ट २००९ कडे येते. बातम्यांनी नेमकं काय केलं? नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. ज्यांना फ्लू होता ते आणि ज्यांना नुसती शिंक आली होती ते, एकाच रांगेत, एकामागे एक, पावसात, तासन्‌तास. ज्याला नव्हता त्याला होण्याची यापेक्षा चांगली सोय ती कोणती? सुरुवातीला नमुने तपासायच्या मुख्य प्रयोगशाळा देशात इन मीन दोन, एक आपली पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि दुसरी दिल्लीची. तिथे नमुन्यांचा ढीग. खऱ्या रुग्णाचा नमुना त्या ढिगात कुठे असेल तो असेल. मास्क दुकानांतून गायब झाले. मग रुमाल, ओढण्या, रुमालावर निलगिरीच्या तेलाचे थेंब. शाळा-कॉलेजं आठवडाभर बंद, सिनेमागृहं आणि मॉल काही दिवस बंद. गोकुळाष्टमी सुनी गेली. शाळा बंद करू नयेत असं मी म्हणत नाही. नव्या आजारात आठवडाभर शाळा बंद ठेवणं यात चूक काही नाही, आणि तो निर्णय ज्यांना घ्यावा लागतो त्यांची झोप उडालेली असते हेही मला कळतं. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण कोपऱ्यातल्या त्या आकड्याशी आहे.

शाळा उघडली तेव्हाचं सांगते. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा शिंकला, आणि अर्धा वर्ग बाकं सरकवत भिंतीला जाऊन चिकटला! काही हसत होते, पण काही खरंच घाबरले होते. शिंकणारा पोरगा रडकुंडीला आला. मी धडा बाजूला ठेवला आणि मुलांना सांगितलं, उद्या घरून गेल्या आठवड्याचे पेपर आणा. दुसऱ्या दिवशी रद्दीचा ढीग जमला. मग गट पाडले, फूटपट्ट्या दिल्या आणि म्हटलं, स्वाइन फ्लूच्या बातम्यांचे रकाने मोजा. सेंटिमीटरमध्ये. मुलांना मोजायला काहीही दिलं की भीती जाते, हा माझा नोकरीतला अनुभव. फूटपट्ट्या पुरेनात. बेरजा करताना तीन अंकी, चार अंकी आकडे झाले आणि वर्गात अगदी जत्रेसारखा गलका सुरू झाला.

त्यात एक मुलगा गप्प होता. आठवी ब मधला, उंच, हडकुळा. शाळा बंद असतानाच्या आठवड्यात त्याचे वडील गेले होते. मार्केट यार्डात हमाली करायचे. क्षय. डॉट्सचं औषध सुरू होतं, तेव्हा आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाऊन गोळ्या घ्याव्या लागत आणि गोळ्या घ्यायला गेलं की सकाळची भर जायची. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला, बरं वाटायला लागलं, मग गोळ्याही थांबल्या. पुढचं काय होतं ते कुठल्याही आरोग्यसेविकेला विचारा. मला हे सगळं त्याच्या आईकडून नंतर कळलं. त्या दिवशी तासाला मला एवढंच ठाऊक होतं की वडील वारले.

त्याने हात वर केला. "बाई, टीबीची बातमी कोणत्या पानावर असते?"

मी म्हटलं, "बघून सांगते." मुलं पुन्हा मोजायला लागली. त्याने एक-दोन पेपर उलटसुलट चाळले आणि घडी घालून ठेवून दिले.

आता आकडे. हे मला तेव्हा माहीत नव्हते, नंतर जमवले. सरकारी नोंदीप्रमाणे त्या वर्षी, म्हणजे मे ते डिसेंबर २००९ मध्ये, देशभरात या नव्या फ्लूने ९८१ माणसं गेली. त्याच काळात आपल्या देशात क्षयाने वर्षाला अडीच लाखांहून अधिक माणसं जात होती. भागाकार करा. फ्लूचं आख्खं वर्ष म्हणजे क्षयाचा जेमतेम दीड दिवस. रस्त्यावरच्या अपघातांत २००९ साली सव्वा लाख माणसं गेली. त्या सव्वा लाखांसाठी पडद्याच्या कोपऱ्यात आकडा कुणी लावला नाही, आणि लावला असता तर त्याच्या आवाजाने घरात कुणाला झोप लागली नसती.

स्वीडनमधले एक डॉक्टर होते, हान्स रोसलिंग. आकडे लोकांना समजावून सांगणं हेच त्यांनी आयुष्याचं काम केलं होतं. २०१७ साली वारले. त्यांनी मे २००९ मध्येच हा हिशेब मांडला होता. तेरा दिवसांत जगभर स्वाइन फ्लूने ३१ माणसं गेली आणि बातम्या आल्या अडीच लाखांवर. म्हणजे एका मृत्यूमागे आठ हजार बातम्या. त्याच तेरा दिवसांत क्षयाने त्रेसष्ट हजार माणसं गेली, आणि तिथे दहा मृत्यूंमागे एक बातमी. माझ्या आठवी ब च्या पोरांनी फूटपट्टीने जे मोजलं तेच त्यांनी संगणकाने मोजलं होतं. हे मी जेव्हा वाचलं तेव्हा मला त्या पोरांचा फार अभिमान वाटला, हे कबूल करते.

पण थांबा. इथवर वाचून माना डोलावणारे जे वाचक आहेत, "बरोबर बोललात बाई, सगळा मीडियाचा खेळ आहे" असं म्हणणारे, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. किंबहुना जास्त आहे.

२०१० मध्ये महासाथ संपल्याचं जाहीर झालं आणि अशा मंडळींना ऊत आला. स्वाइन फ्लू म्हणजे थोतांड, औषध कंपन्यांचा कट, गोळ्या खपवायचा धंदा. युरोपातल्या राजकारण्यांनीही जागतिक आरोग्य संघटनेवर अतिरेक केल्याचा ठपका ठेवला. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू जगभरात मिळून साडेअठरा हजारांच्या आत होते, तेवढ्यासाठी एवढा गाजावाजा, असा त्यांचा सूर. पण ज्यांची तपासणी झाली तेवढेच त्या आकड्यात. २०१२ साली शास्त्रज्ञांनी नीट अंदाज बांधला तेव्हा पहिल्या वर्षातले मृत्यू निघाले दीड लाख ते पावणेसहा लाख. साध्या हंगामी फ्लूने दरवर्षी जगात जेवढी माणसं जातात, साधारण त्याच पट्टीतले. फरक एवढाच की साधा फ्लू बहुतेक करून म्हाताऱ्यांना नेतो, आणि या नव्याने नेलेल्यांत दर पाचांतले चार पासष्टच्या आतले होते. तरुण माणसं, गरोदर बाया. म्हणजे तोही खरा होता आणि त्याचं दुःखही खरं होतं. 'थोतांड' म्हणणारा आणि 'थैमान' म्हणणारा, दोघांनीही भागाकार केलेला नव्हता.

आणि आता एक आकडा सांगते, जो मला सगळ्यांत जास्त छळतो. २००९ मध्ये ९८१. २०१० मध्ये किती असतील? १,७६३. जवळजवळ दुप्पट! कुठे होता तो कोपऱ्यातला आकडा? कुठे होत्या रांगा? आणि २०१५ साली २,९९०, म्हणजे २००९ च्या तिप्पट. तेव्हा बातम्या आल्या, नाही असं नाही, पण पुणं काही बंद पडलं नाही. २०१७ साली पुन्हा दोन हजारांच्या वर. विषाणू तोच, औषध तेच, माणसं मरत होती ती जास्त. शिळा झाला एवढाच त्याचा गुन्हा. आज तो विषाणू दर पावसाळ्यात येणाऱ्या साध्या फ्लूच्या कुटुंबात जाऊन बसला आहे. वर्तमानपत्राला तो दिसत नाही, आणि ज्याला मधुमेह आहे, दमा आहे, त्या म्हाताऱ्याला दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगणारी बातमी मला अजून पहिल्या पानावर दिसायची आहे.

मी जे गणित पाचवीला शिकवलं त्यात अंश आणि छेद असे दोन मजले असतात. वर अंश, खाली छेद. तीन म्हणजे किती? तीन छेद चार असेल तर पाऊण भाकरी, तीन छेद तीन हजार असेल तर चिमूटभर पीठही नाही. आमच्या वाहिन्या वरचा मजला तेवढा दाखवतात. "पुण्यात आज आणखी बत्तीस रुग्ण." कितींपैकी? किती जणांना तपासलं? काल कितींना तपासलं होतं? पुढे सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले आणि फक्त क गटातल्यांची, म्हणजे गंभीर असलेल्यांची, तपासणी करायची ठरवलं. शहाणा निर्णय. पण त्यानंतरच्या आकड्याची आधीच्या आकड्याशी तुलनाच होऊ शकत नव्हती. ती मात्र बिनदिक्कत चालू होती. पाचवीच्या पोराने असं उदाहरण सोडवलं असतं तर मी त्याला शून्य गुण दिले असते आणि पालकांना भेटायला बोलावलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, क्षय आणि नवा फ्लू यांची तुलना तरी बरोबर आहे का? क्षय आज सातशे, उद्या सातशे, परवाही सातशेच. नवा आजार आज दोन, परवा चार, तेरवा आठ. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट तुम्हीच शिकवता ना? अगदी बरोबर. आणि खुद्द रोसलिंगना हेच शिकावं लागलं. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा आधी त्यांनीही तो लहान आकडा मानला होता. तो दुप्पट-दुप्पट होतोय हे लक्षात आल्यावर ते सगळी कामं सोडून लायबेरियाला जाऊन राहिले. ज्या माणसाने बातम्यांचा हिशेब मांडून स्वाइन फ्लूचा बाऊ उघडा पाडला, तोच माणूस पुढे जगाने ज्यांची काळजी करावी अशा गोष्टींत महासाथ धरायला लागला. चूक लक्षात आली आणि तसं लिहूनही ठेवलं. अशी माणसं विरळा.

मला माझी चूक लक्षात यायला त्याहून जास्त किंमत पडली.

फेब्रुवारी २०२१. करोनाची पहिली लाट ओसरली होती. १ फेब्रुवारीला मुंबईची लोकल सगळ्यांसाठी सुरू झाली. पेपरात अर्थसंकल्प, शेतकऱ्यांचं आंदोलन. करोना आतल्या पानावर, एका रकान्यात. माझा थोरला भाऊ, वय शहात्तर, मधुमेह, त्याचा फोन आला. अमरावतीला नात्यात लग्न होतं. "अगं, जाऊ का गं? वर्ष झालं, कुणाचं तोंड पाहिलं नाही."

मी म्हटलं, "जा रे दादा. आता कुठे काय राहिलंय? पेपर उघडून बघ, बातमीसुद्धा नाही."

हो, मीच म्हटलं. ज्या बाईने मुलांकडून रकाने मोजून घेतले होते, वाहिन्यांच्या आवाजावर भरवसा ठेवू नका असं बारा वर्षं ज्याला-त्याला सांगितलं होतं, त्याच बाईने शांततेवर मात्र डोळे मिटून भरवसा ठेवला. अमरावतीत रुग्ण वाढायला लागले होते. तिथल्या स्थानिक पानांवर रोजचे आकडे छापून येत होते, मोजायला बसलं असतं तर चार दिवसांत कळलं असतं. पण ती पानं पुण्याला कुठली दिसायला! मी बघितलीही नाहीत. लग्न ८ तारखेला झालं. १३ ला दादाला ताप आला. २२ ला अमरावतीत टाळेबंदी लागल्याची बातमी पहिल्या पानावर आली, तेव्हा दादा ऑक्सिजनवर होता. २६ ला गेला. साठीच्या वरच्यांची लस १ मार्चला सुरू झाली. एका डोसाने लगेच काही फरक पडला असता असं नाही, पण "लस घेऊन मग जा" एवढं म्हणायचं मला सुचलं असतं.

वहिनी मला कधीही काही बोलली नाही. मला वाटतं तिला आमचं ते बोलणं माहीत नाही.

म्हणून सांगते, "मीडिया काय, उगाच घाबरवतो" असं म्हणून जो टीव्ही बंद करतो तो शहाणा झाला असं मी मानत नाही. त्यानेही आवाजावरूनच धोका मोजला. फक्त उलटा. मला विचाराल तर बातमीला विचारायचे प्रश्न फार थोडे आहेत आणि ते सगळे जुने आहेत. कितींपैकी? कालच्यापेक्षा किती वेगानं? कुणाला होतोय, लहानांना, म्हाताऱ्यांना, आणि आधीचं काही दुखणं असणाऱ्यांना का? कुठे? आणि मी, माझ्या घरात, उद्या सकाळी काय वेगळं करू? ज्या बातमीत यातल्या एकाचंही उत्तर नाही ती बातमी छापण्याऐवजी तेवढ्या जागेत शब्दकोडं छापा. लोक आनंदाने सोडवतील.

संपादक मंडळी म्हणतील, वाचकांना हेच हवं असतं. हे वाक्य मी नोकरीत दर वर्षी ऐकलं आहे, गाइडं छापणाऱ्यांच्या तोंडून. मुलांना हेच हवं असतं, बाई. हवं असतंच. गाइड हातात दिलं की कुठल्या मुलाला धडा वाचावासा वाटणार?

आणि चुकीच्या बातमीची किंमत वाहिनीला पडत नाही, हे तर आहेच. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला, देशात पहिल्यांदा. तिथल्या काही लाख कोंबड्या मारून पुरल्या, ते आवश्यकच होतं. पण देशात एकाही माणसाला तो झाला नव्हता, आणि तरीही ज्यांचा नवापूरशी सुतराम संबंध नाही त्या पोल्ट्रीवाल्यांची कोंबडी कुणी विकत घेईना. नीट शिजवलेल्या चिकनने काही होत नाही हे सांगायला पडद्यावर दोन सेकंद मिळाले, पांढरे झगे घातलेली माणसं कोंबड्या पोत्यात भरताना मात्र दिवसभर. २०२० च्या सुरुवातीला करोनाच्या अफवेने तेच पुन्हा. इजिप्तने तर २००९ मध्ये कमाल केली. देशात एकही रुग्ण नसताना तीनेक लाख डुकरं मारून टाकली, आणि डुकरं गेल्यावर कैरोत ओल्या कचऱ्याचे ढीग साचले, कारण तो कचरा ती डुकरंच खात होती! फ्लू काही थांबला नाही.

सगळंच वाईट असतं असं मात्र नाही. २०२५ च्या त्याच जानेवारीत, खालची सून एचएमपीव्हीच्या भीतीने मास्क शोधत होती तेव्हा, इकडे सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात, माणसांचे हातपाय अचानक लुळे पडायला लागले होते. जीबीएस. पुढे दोनशेच्या वर रुग्ण झाले. त्या वेळी आपल्या काही स्थानिक बातमीदारांनी फार चांगलं काम केलं. विहिरीचं पाणी, टँकरचं पाणी, कुठल्या भागात किती रुग्ण, पाण्याच्या नमुन्यांत काय सापडलं, हे रोज पायपीट करून लिहिलं. त्यात 'थैमान' कमी होतं आणि पत्ते जास्त होते. वाचून माणूस काहीतरी करू शकत होता. याच शहरात १८९७ च्या प्लेगात घरझडतीच्या नावाखाली काय चाललंय ते 'केसरी'ने छापलं होतं, त्या शहराला हे शोभलं.

पण मला ती बातमी पेपरातून कळली नाही. एका सकाळी फोन वाजला, अनोळखी नंबर. "बाई, ओळखलंत का? आठवी ब. दोन हजार नऊ." आवाजावरून ओळखणं शक्यच नव्हतं, आता तिशीला आला असेल. धायरीत राहतो म्हणाला, स्वतःचा टेम्पो आहे. "बाई, तुम्ही अजून तिथेच राहता ना? आमच्या गल्लीत दोन जण ॲडमिट आहेत, त्यातल्या एकाला चालता येत नाहीये. पाण्यातून होतंय असं म्हणतात. नक्की काही ठाऊक नाही, पण तुम्ही उकळल्याशिवाय पाणी पिऊ नका. आमच्याकडे दोनशे-अडीचशे घरं आहेत, त्यातले दोन."

मी विचारलं, "छेद सांगायला तुला कुणी शिकवलं रे?"

त्याला बहुतेक कळलं नाही मी काय विचारतेय ते. म्हणाला, "बाई, पाणी चांगलं वीस मिनिटं उकळा हं." आई बरी आहे म्हणाला. ती आता त्याच्याकडेच असते. क्षयाने आजही देशात वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं जातात. त्याला पान कोणतं ते सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंच आहे, आणि त्याने ते फोनवर विचारलं नाही.

मी मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि खालच्या सुनेला हाक मारली.